सर्व्हिसचा जोर आला कोठून?

टेनिसच्या खेळांत पहिला फटका मारणारास इंग्रजींत ‘सर्व्हर’ म्हणतात आणि त्या फटक्यास ‘सर्व्हिस’ म्हणतात. शब्दाचा सरळ अर्थ घेतला तर हा सेवक आणि ही त्याची सेवा. पंगतींत वाढपी जसा पान वाढून बाजूस होतो आणि खरें जेवण त्यानंतर सुरू होतें, तसेंच कांहींसें काम या फटक्याकडे होतें. चेंडू समोरच्याच्या पुढ्यांत नीट आणून द्यावा, म्हणजे खेळास आरंभ व्हावा. त्या फटक्यानेंच कोणी कोणास जिंकावें अशी अपेक्षा नव्हती. आज हा वाढपी पंगतीचा यजमान होऊन बसला आहे. मोठ्या सामन्यांत ज्याची सर्व्हिस असते तो तो गेम जिंकणारच असें लोक धरून चालतात, आणि त्यानें तो गमावला म्हणजे कांहीं विशेष घडलें असें मानतात. सेवेचें असें स्वामित्व कसें झालें, आणि त्या फटक्यांत एवढा जोर आला तरी कोठून, हें आज पाहावयाचें आहे. श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरचा मुलगा किंवा मुलगी रोज सायंकाळीं रॅकेट घेऊन बाहेर पडते, त्यांना या इतिहासाचा थोडा व्यवहारी उपयोगहि होईल असें मला वाटतें.

फ्रान्स व इंग्लंड येथील राजेरजवाडे जें जुनें टेनिस खेळत तें चार भिंतींच्या आंत असे. त्यांत सर्व्हिसचा चेंडू बाजूच्या भिंतीलगतच्या उतरत्या छपरावर टाकावयाचा आणि तो घरंगळत पलीकडे पडावयाचा, अशी रीत होती. तो खेळ अजूनहि थोड्या ठिकाणीं जिवंत आहे. मेजर वॉल्टर विंगफील्ड या गृहस्थानें इ. स. १८७४ मध्यें हिरवळीवर खेळावयाच्या टेनिसचें पेटंट घेतलें, तेव्हां त्याचें कोर्ट मध्यें अरुंद व दोन्हीं टोकांस रुंद, म्हणजे आपल्या डमरूसारखें होतें. तीन वर्षांनीं, १८७७ सालीं, विंबल्डन येथें पहिली अजिंक्यपदाची स्पर्धा झाली. तोंवर डमरू जाऊन आजचा लांबट चौकोन आला होता. २२ खेळाडूंनीं नांवें दिलीं आणि स्पेन्सर गोअर हा विजयी झाला.

या स्पर्धेचे पंच हेन्री जोन्स हे पेशानें डॉक्टर असून पत्त्यांच्या ‘व्हिस्ट’ या खेळावरील लेखक म्हणून प्रसिद्ध होते. हिशेबी मनुष्य. स्पर्धा संपल्यावर त्यांनीं सर्व सामन्यांच्या गुणपत्रिका गोळा केल्या आणि बेरीज मांडली. एकंदर ६०१ गेम्स झाले होते. त्यांपैकीं ३७६ सर्व्हिस करणारांनीं जिंकले होते. म्हणजे शेंकडा ६२ हून अधिक! आणि हें केव्हां, तर बहुतेक खेळाडू चेंडू खालून उचलून देत किंवा फार तर खांद्याच्या उंचीवरून हात बाजूनें फिरवून मारीत तेव्हां. सेवक मुजोर होणार याची पहिली सूचना त्या वर्षींच मिळाली होती, आणि ती कोणा खेळाडूनें दिली नसून एका हिशेबनिसानें दिली, हें मला मोठें लक्षणीय वाटतें.

जोन्स यांनीं सुचविलेला उपाय असा कीं, ज्या चौकटींत सर्व्हिस पडावयाची ती चौकटच आखूड करावी. पहिल्या वर्षीं सर्व्हिसची रेषा जाळ्यापासून २६ फुटांवर होती. १८७८ सालीं ती २२ फुटांवर आणली, आणि १८८० सालीं २१ फुटांवर. जाळ्याची मधली उंची प्रथम ३ फूट ३ इंच होती, ती ३ फूट केली. खांबांपाशीं तें ५ फूट असे, तें उतरत उतरत १८८२ सालीं साडेतीन फुटांवर आलें. त्यानंतर हीं मापें आजतागायत हललीं नाहींत. सर्व्हिसचें पुढचें सारें शास्त्र या दोन–तीन आंकड्यांत दडलेलें आहे. तेव्हां वर्गांतील फळा डोळ्यांपुढें आणून थोडी भूमिति करूं.

सर्व्हिस करणारा मागील रेषेपाशीं, म्हणजे जाळ्यापासून ३९ फुटांवर उभा असतो. पलीकडे २१ फुटांवर सर्व्हिसची रेषा. दोहोंची बेरीज ६० फूट. आतां चेंडू सुतासारख्या सरळ रेषेंत गेला, ३ फुटांच्या जाळ्याला घांसून गेला आणि बरोबर त्या रेषेवर पडला अशी कल्पना करा. समरूप त्रिकोणांच्या नियमानें २१ फुटांस ३ फूट उंची, तर ६० फुटांस किती? उत्तर येतें ८ फूट ७ इंच. म्हणजे चेंडूला त्याहून खालीं फटका बसला तर सरळ रेषेंत तो चौकटींत पडणें अशक्य आहे. त्याला कमान घेऊनच जावें लागेल. पृथ्वी चेंडूस खालीं ओढते, म्हणून प्रत्यक्षांत याहून थोडी कमी उंचीहि चालते हें खरें. पण चेंडू जितका वेगवान् तितका पृथ्वीला तो ओढावयास अवधि कमी. खालून दिलेला चेंडू फार जोरानें मारतां येत नाहीं याचें कारण हेंच. त्यांत मारणाराच्या दुबळेपणाचा प्रश्नच नाहीं. मारला तर तो बाहेर जाईल. जोर हवा असेल तर आधीं उंची हवी.

आतां साडेपांच–पावणेसहा फूट उंचीच्या माणसानें हात पूर्ण वर ताणला आणि २७ इंची रॅकेट सरळ धरली, तर तिच्या जाळीचा मध्य जेमतेम पावणेनऊ फुटांवर पोचतो. म्हणजे मध्यम उंचीच्या माणसाच्या हातीं दोन–चार इंच काय ते शिल्लक राहतात. नियम करणारांनीं हा हिशेब मनांत धरला होता असें मी म्हणत नाहीं. पण त्यांच्या मापांनीं सर्व्हिसला डोक्यावर चढण्यावांचून गत्यंतर ठेवलें नाहीं, एवढें खास.

आणि ती चढली. १८७८ च्या विंबल्डनमध्यें आर्थर मायर्स नांवाच्या खेळाडूनें हात डोक्यावरून फिरवून सर्व्हिस केली, आणि त्या स्पर्धेंत तसें करणारा तो पहिला असें मानलें जातें. तोहि पुढें डॉक्टरच झाला. क्रिकेटमध्यें हात खांद्यावर नेऊन गोलंदाजी करण्यास १८६४ सालीं परवानगी मिळाली होती. टेनिसमध्यें तीच क्रिया चौदा वर्षांनीं आली, इतकेंच. नंतरच्या दशकांत विल्यम व अर्नेस्ट या जुळ्या रेन्शॉ बंधूंनीं डोक्यावरच्या फटक्याचा असा कांहीं दरारा बसविला कीं, विल्यमनें १८८१ पासून लागोपाठ सहा वेळां व १८८९ मध्यें सातव्यांदा विंबल्डन जिंकलें. स्त्रियांच्या खेळांत मात्र ही रीति उशिरां शिरली. १८८७ सालीं अवघ्या पंधराव्या वर्षीं अजिंक्यपद मिळविणारी लॉटी डॉड हिनें पांच वेळां विंबल्डन जिंकलें, तें सर्व खालून सर्व्हिस करून! त्या काळचा घोळदार झगा आणि कमरेस आवळलेली काचोळी अंगावर असतां दोन्हीं हात डोक्यावर नेऊन पाठीची कमान करावयाची, हें ज्यांना सोपें वाटत असेल त्यांनीं एकदां करून पाहावें.

उंचीनें जोराचें दार उघडलें. पण तें सताड उघडलें फिरकीनें. येथें एक मौज सांगण्यासारखी आहे. चेंडू फिरत गेला तर वळतो, ही गोष्ट खेळाडूंच्या आधीं शास्त्रज्ञांनीं लक्षांत घेतली होती. सर आयझॅक न्यूटन यांनीं १६७२ सालीं प्रकाशाच्या रंगांविषयीं रॉयल सोसायटीच्या चिटणिसांस जें प्रसिद्ध पत्र लिहिलें, त्यांत तिरक्या रॅकेटनें मारलेला टेनिसचा चेंडू वक्र मार्गानें जातांना आपण पाहिल्याचा उल्लेख केला आहे. प्रकाशाचे किरण तसेच वळत असतील काय, अशी शंका त्यांना आली होती. पुढें लॉर्ड रॅले यांनीं टेनिसच्या चेंडूच्या वांकड्यातिकड्या गतीवर एक गणिती निबंध लिहिला. सन कोणता? १८७७! विंबल्डनची पहिली स्पर्धा आणि हा निबंध एकाच वर्षांतले. तरी त्या विद्येचा सर्व्हिसमध्यें पुरा उपयोग व्हावयास आणखी वीस वर्षें जावीं लागलीं, आणि तीहि इंग्लंडांत नव्हे, अमेरिकेंत.

हार्वर्डच्या विद्यापीठांत होल्कोम वॉर्ड आणि ड्वाइट डेव्हिस असे दोन तरुण होते. त्यांनीं अशी एक सर्व्हिस बसविली कीं, तींत रॅकेट चेंडूच्या मागून सरळ न येतां खालून वर व तिरकी घांसत जाई. तो चेंडू हवेंत एका बाजूस वळे, मग एकाएकीं खालीं बुडे, आणि टप्पा पडल्यावर भलत्याच बाजूस उंच उसळे. १९०० सालीं या डेव्हिसनेंच एक चांदीचें पात्र देऊं करून इंग्लंडच्या खेळाडूंना बोस्टनजवळच्या लाँगवुड क्लबावर बोलाविलें. तेंच पुढें डेव्हिस कप म्हणून जगप्रसिद्ध झालें. इंग्रज पाहुणे आले ते आत्मविश्वासानें, आणि या उसळत्या सर्व्हिसपुढें त्यांची तारांबळ उडाली. पात्र अमेरिकेतच राहिलें.

श्रोतेहो, या सर्व्हिसचें खरें महत्त्व तिच्या चमत्कारिक उसळींत नाहीं. वरून पुढें फिरणारा चेंडू हवेच्या दाबानें खालीं ओढला जातो. पृथ्वीच्या ओढीला ही दुसरी ओढ मिळाली कीं, मघांच्या आपल्या त्रिकोणाचें बंधन सैल पडतें. चेंडू जाळ्यावरून हातभर उंच न्यावा आणि तरी तो चौकटींत उतरावा, ही सोय फिरकीनें केली. पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी संधि मिळते. पूर्वीं ती दुसरी सर्व्हिस म्हणजे भीत भीत टाकलेला चेंडू असे. फिरकी आल्यावर दुसरी सर्व्हिसहि अंगांतल्या पुऱ्या जोरानें करतां येऊं लागली, आणि दुसरीचा धाक नाहींसा झाला म्हणून पहिली बेधडक मारतां येऊं लागली. जोर वाढविण्याची किल्ली दुसऱ्या सर्व्हिसमध्यें आहे, ही गोष्ट नवशिक्यांस सांगूनहि पटत नाहीं.

ही बेधडक पहिली सर्व्हिस जगापुढें आणली ती मॉरिस मॅक्लॉफ्लिन या अमेरिकनानें. कॅलिफोर्नियाच्या कठीण सार्वजनिक कोर्टांवर हा वाढला. तेथें चेंडू गवतापेक्षां उंच उसळतो. १९१२ व १९१३ सालीं तो अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला, आणि वर्तमानपत्रांनीं त्याच्या सर्व्हिसला ‘तोफेचा गोळा’ हें नांव दिलें. १९१४ च्या ऑगस्टमध्यें, युरोपांत खऱ्या तोफा नुकत्याच सुरू झाल्या असतां, त्यानें न्यूयॉर्कला डेव्हिस कपाच्या सामन्यांत ऑस्ट्रेलियाच्या नॉर्मन ब्रुक्सला हरविलें. त्यांतील पहिल्या सेटचे गुण १७–१५ असे होते. दोघेहि आपापली सर्व्हिस सोडीनात म्हणून सेट लांबत गेला. या प्रकाराची आठवण ठेवावी. शंभर वर्षांनीं तो अधिक उग्र रूपानें पुन्हां यावयाचा होता.

मग बिल टिल्डन आला. १९२० सालीं विंबल्डन जिंकणारा हा पहिला अमेरिकन पुरुष. त्याची सरळ सर्व्हिस फार वेगवान्, पण ती तो सदासर्वकाळ वापरीत नसे. फिरकीच्या निरनिराळ्या सर्व्हिसांत मिसळून ऐन वेळीं काढी. त्याच्याविषयींची एक गोष्ट मी मुद्दाम सांगतों. १९२२ सालीं झालेल्या जखमेंत विष भिनून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचें अग्र कापावें लागलें. मुठीची पकड जर सर्व्हिसच्या जोराचें मूळ असती तर त्याची कारकीर्द तेथेंच संपली असती. त्यानंतरहि तो १९२३, २४, २५ व १९२९ सालीं अमेरिकेचा अजिंक्यवीर झाला.

१९३२ च्या विंबल्डनच्या अंतिम सामन्यांत एल्सवर्थ व्हाइन्सनें इंग्लंडच्या बनी ऑस्टिनवर जी शेवटची बिनतोड सर्व्हिस मारली, ती आपल्या डावीकडून गेली कीं उजवीकडून हेंहि ऑस्टिनला सांगतां आलें नाहीं. व्हाइन्स हा सडपातळ बांध्याचा, लांब हातापायांचा तरुण होता. दंड फुगलेला पैलवान नव्हे.

तर मग हा जोर येतो कोठून? आपल्याकडच्या शेतांत याचें उत्तर पूर्वीपासून आहे. जोंधळा भरावयास आला म्हणजे माळ्यावर चढून पांखरें हांकणारा गडी गोफण फिरवितो. तो पायांनीं घट्ट उभा राहतो, कंबर वळवितो, मग खांदा, मग हात, आणि हाताच्या पुढें ती सैल दोरी. दगड सुटतो तेव्हां गड्याचा हात जवळजवळ थांबलेला असतो, आणि दगड मात्र सणसणत जातो. दोरी ताठ असती तर तोच दगड शेजारच्या ताटांत पडला असता. आसुडाचें हेंच: मूठ हलते थोडी, टोंक कडाडतें. जड व सावकाश अवयवानें प्रथम वेग घ्यावा, तो थांबतां थांबतां पुढच्या हलक्या अवयवास द्यावा, आणि असें करीत शेवटच्या टोंकास सर्वांत अधिक वेग यावा, हा निसर्गाचा नियम आहे. सर्व्हिसमध्यें ती सांखळी पायांपासून सुरू होऊन रॅकेटच्या टोंकाशीं संपते. शरीरशास्त्रज्ञांनीं वेगवान् चित्रफिती घेऊन हिशेब केले, तेव्हां या फटक्याची सुमारें निम्मी शक्ति पाय, कंबर आणि धड यांतून येते असें त्यांस आढळलें.

या सांखळीच्या शेवटच्या कड्यांविषयीं बरींच वर्षें एक गैरसमज नांदत होता. ‘मनगटाचा झटका द्या’ असा उपदेश शिक्षक करीत. चित्रफितींत दिसलें तें असें कीं, अखेरच्या क्षणीं मोठें काम करतो तो दंड, आपल्याच भोंवतीं आंतल्या बाजूस वळून. टेबलावर कोपर टेकून आपण पंजा लढवितों, तेव्हां समोरच्याचा हात पाडण्यास दंड जसा वळतो तसाच. त्यापाठोपाठ कोपरापुढील हात वळतो आणि तळवा बाहेरच्या बाजूस होतो. मनगट सैल असलें म्हणजे तें आपोआप मागून येतें. त्याला निराळा झटका देऊं गेल्यास तें दुखावतें मात्र.

हें वळणें साधावयाचें तर रॅकेटची मूठ हातोडीसारखी, कडेवर धरावी लागते. नवशिका ती पोळी उलटण्याच्या उलथन्यासारखी सपाट धरतो. मग दंडास वळावयाला वावच राहत नाहीं आणि चेंडू ढकलला जातो. चेंडू वर टाकावयाचा तोहि हिसका देऊन नव्हे. उंच कोनाड्यांत पणती ठेवावी तसा, हात सरळ नेऊन, डोक्याच्या किंचित् पुढें सोडावा. तो मागें पडला तर पाठीस ताण बसतो आणि पायांचा जोर वायां जातो. गुडघे वाकवावे, पाठ फिरवावी, आणि चेंडूकडे वर झेपावें. पुढें ढकलण्याची घाई करूं नये. आणि हात? हात सैल. हें सैलपण सर्वांत कठीण आहे, कारण जोर हवा असें मनांत आलें कीं मूठ आवळते, दांत आवळतात, आणि सांखळी नेमकी तेथेंच तुटते.

सायंकाळीं मी आमच्या भागांतील कोर्टांपाशीं बांकावर बसलेला असतों, तेव्हां कुंपणाबाहेरून हौशी वडिलांचा आवाज ऐकूं येतो, ‘अरे, जोरानें मार!’ दहा–बारा वर्षांचा पोर मग केवळ खांद्यानें मारतो. मोठ्यांच्या मापाची रॅकेट, वाढतें हाड, आणि पाय जागच्या जागीं. एका मुलाचा खांदा असा धरला कीं त्याला पाटीवर लिहितांनाहि कळ येई. चार महिने त्यानें रॅकेटला हात लावला नाहीं. पाय आणि धड यांनीं जें काम करावयाचें तें त्यांनीं केलें नाहीं, तर तें खांद्यावर व कोपरावर पडतें, आणि खांदा हा सांधा तर आपल्या शरीरांत सर्वांत मोकळा, म्हणून सर्वांत नाजूक. ज्या मुलाला दगड नीट फेकतां येत नाहीं त्याला आधीं चेंडू फेकावयास शिकवावा. आंबे पाडणाऱ्या पिढीला हें निराळें शिकवावें लागत नव्हतें.

इतिहासाकडे परत वळूं. पाय हे जोराचें मूळ खरें, पण नियमांनीं पायांना फार दिवस बेडी घातली होती. चेंडू मारला जाईपर्यंत एक पाय जमिनीवर टेकलेला असलाच पाहिजे, असा निर्बंध १९६० च्या सुमारापर्यंत होता. सर्व्हिस करणारा धांवत जाळ्याकडे सुटेल ही त्यामागची भीति. तो निर्बंध उठला आणि खेळाडू उडूं लागले. आज कोणताहि मोठा खेळाडू सर्व्हिस करतांना पाहा: दोन्हीं पाय जमिनीपासून सुटलेले असतात आणि तो उतरतो तो रेषेच्या आंत. त्या त्रिकोणांत दोन–चार इंच काय ते शिल्लक होते; तेथें आतां चांगली फूटभर भर पडली.

रॅकेटांचें माहात्म्य मला लोक समजतात तितकें वाटत नाहीं. लांकूड गेलें, पोलाद आलें, मग ॲल्युमिनियम, आणि १९८० नंतर ग्रॅफाइट. रॉस्को टॅनर या डावऱ्या अमेरिकनाची सर्व्हिस १९७८ सालीं ताशीं १५३ मैल मोजली गेली. पुढच्याच वर्षीं अमेरिकन स्पर्धेंत बोर्गविरुद्ध खेळतांना त्याच्या सर्व्हिसनें जाळ्याची तारच तुटली आणि सामना थांबवावा लागला! अँडी रॉडिकनें २००४ सालीं १५५ मैल गांठले, आणि जॉन इस्नरनें २०१६ सालीं १५७. मोजण्याच्या रीति बदलत गेल्या हें जमेस धरलें तरी अडतीस वर्षांत भर पडली ती केवळ चार मैलांची. नव्या रॅकेटांनीं एक मात्र केलें: पूर्वीं जें एखाद्या टॅनरला साधे तें आतां पुष्कळांस साधूं लागलें, आणि फिरकीहि अधिक बसूं लागली. स्त्रियांचा खेळहि आतां लॉटी डॉडच्या काळापासून किती दूर आला आहे! सेरीना विल्यम्सनें २०१२ च्या एका विंबल्डनमध्यें १०२ बिनतोड सर्व्हिस मारल्या.

उंच माणसांच्या हातीं हा जोर पडला म्हणजे काय होतें तें २०१० च्या जूनमध्यें दिसलें. विंबल्डनला इस्नर आणि फ्रान्सचा निकोला माहू यांचा सामना तीन दिवस चालला. एकंदर ११ तास ५ मिनिटें. शेवटच्या सेटचे गुण ७०–६८. त्या सेटमधील १३८ गेम्समध्यें सर्व्हिस भेदली गेली ती एकदांच, अगदीं शेवटच्या गेममध्यें. इस्नरच्या बिनतोड सर्व्हिस ११३, माहूच्या १०३. गुणफलकाचें यंत्र ४७–४७ वर बंद पडलें, कारण त्यापुढें कोणी जाईल अशी तें करणारांना कल्पनाच नव्हती. इस्नर पुढच्या फेरींत पार थकून हरला. आठ वर्षांनीं त्याच मैदानावर उपांत्य सामन्यांत केविन अँडरसननें इस्नरला शेवटच्या सेटमध्यें २६–२४ असें हरविलें, तेव्हां चालकांचा धीर सुटला. २०१९ पासून विंबल्डननें १२–१२ वर टाय-ब्रेक लावला, आणि २०२२ पासून चारहि मोठ्या स्पर्धांत शेवटच्या सेटला ६–६ वर दहा गुणांचा टाय-ब्रेक असतो.

हाच अँडरसन २०१९ च्या जानेवारींत पुण्यास बालेवाडीच्या क्रीडासंकुलांत खेळला. अंतिम सामन्यांत समोर क्रोएशियाचा इव्हो कार्लोविच, उंची ६ फूट ११ इंच. अँडरसन स्वतः ६ फूट ८ इंच. तीन सेट झाले आणि तिन्हीं टाय-ब्रेकवर गेले. हेन्री जोन्स त्या गर्दींत असते तर त्यांनीं पुन्हां गुणपत्रिका मागविल्या असत्या.

या जोरानें खेळ बिघडला, सर्व्हिस एकदांच करूं द्यावी, चेंडू मोठा करावा, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. २००० च्या सुमारास वेगवान् मैदानांसाठीं किंचित् मोठा चेंडू करूनहि पाहिला. खेळाडूंना तो रुचला नाहीं. मला ही तक्रार निम्मीच मान्य आहे. आपले रामनाथन् कृष्णन् यांची सर्व्हिस अगदीं मवाळ. तरी १९६० व १९६१ अशीं दोन वर्षें ते विंबल्डनच्या उपांत्य फेरींत पोचले, तें स्पर्शाच्या नाजुकपणावर व नेमक्या जागीं चेंडू टाकण्यावर. ज्याला सर्व्हिस परतवितां येते त्याला जोराचें भय अर्धें.

आणि ती जुनी, खालून दिलेली सर्व्हिस? ती नियमांतून कधींच गेलेली नाहीं. १९८९ सालीं पॅरिसच्या स्पर्धेंत सतरा वर्षांचा मायकेल चँग त्या वेळच्या पहिल्या क्रमांकाच्या इव्हान लेंडलशीं खेळत होता. पांचवा सेट, पायांत गोळे आलेले, धड उभें राहवत नव्हतें; पायच नाहींत म्हटल्यावर सर्व्हिसचा जोर संपला. ४–३ अशी आघाडी असतां, १५–३० अशा मागें पडलेल्या गुणांवर, त्यानें चेंडू वर टाकलाच नाहीं. पंगतींतल्या वाढप्यासारखा तो खालून हळूच जाळ्यापलीकडे वाढला. लेंडल चकित होऊन पुढें धांवला, आणि तो गुण चँगनें घेतला. मग तो गेम, मग तो सामना. पुढें सहा दिवसांनीं झालेल्या अंतिम सामन्यांत त्याच्यासमोर स्वीडनचा स्टेफान एडबर्ग होता. वॉर्ड व डेव्हिस यांनीं बसविलेली ती उसळती सर्व्हिस त्याच्या काळांत त्याच्याइतकी सुंदर कोणी करीत नसे. तो सामनाहि पांच सेट चालला, आणि तोहि चँगनेंच जिंकला.